पीएच.डी.नंतरचा टप्पा : शुद्ध गणितातील संशोधनाच्या संधी

(लोणी काळभोर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



गावातील मुलगा वा मुलगी गणितात पीएच.डी. झाली की, घरातून पहिला प्रश्न येतो : ‘आता नोकरी कधी?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर ठाऊक नसल्याने काही गुणी संशोधक याच टप्प्यावर शुद्ध गणित सोडून देतात.

पीएच.डी.नंतरचे संशोधन म्हणजे लांबलेले शिक्षण नव्हे. ते काम आहे. साधारणपणे दोन-तीन वर्षे दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. ज्येष्ठ गणितज्ञांच्या सहवासात, परंतु स्वतंत्रपणे, संशोधन करावयाचे असते. या काळातील शोधनिबंधांवर पुढील प्राध्यापकपद बव्हंशी अवलंबून असते.

या सोबतीचे मोल कळण्यासाठी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे उदाहरण घ्यावे. ३५२४ या संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा : ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. हीच कृती पुढे चालविल्यास ८३५२ आणि मग ६१७४ येते. तेथून संख्या बदलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत येथेच पोहोचते. हा शोध त्यांनी १९४९ साली मांडला. मात्र पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाची जगाने दखल घेण्यास १९७५ साल उजाडले.

आज मार्ग अधिक मोकळे आहेत. अणुऊर्जा विभागांतर्गत १९८३ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ अशा संशोधकांना पाठ्यवृत्ती देते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि २००६ साली सुरू झालेली पुण्यातील ‘आयसर’ या संस्थांतही असे संशोधन चालते. डॉ. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान हे गणिताच्या अध्ययनाचे व संशोधनाचे केंद्र आहे.

जागा मोजक्या असतात, म्हणून तयारी लवकर हवी. शोधनिबंध, पुढील कामाचा आराखडा व जाणकारांची शिफारसपत्रे निवडीत महत्त्वाची ठरतात. प्रबंध पूर्ण होण्यापूर्वीच आपल्या विषयातील गणितज्ञांशी पत्रव्यवहार सुरू करावा.

शुद्ध गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. फळा, ग्रंथ आणि सलग वेळ लागतो. शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. पंचायतीने वाचनालयात एक शांत खोली राखून ठेवावी. आणि अशा घरी ‘अजून शिकतोच आहे का?’ असे कोणी विचारले, तर ‘नाही, तो संशोधनाचे काम करतो आहे,’ असे आपण ठामपणे सांगावे, एवढीच विनंती.