चित्र काढायचा टॅबलेट घेण्याआधी

डहाणू-तलासरीकडच्या आपल्या गटांच्या बैठकांत सध्या एक मागणी सारखी निघते: "ताई, गटाच्या पैशातून स्क्रीनवर चित्र काढायचा टॅबलेट घेऊया." मागणी रास्त आहे. पिशव्यांवर, कुर्त्यांवर वारली चित्र छापणारा व्यापारी आता कागद घेत नाही, फाइल मागतो. मोबाइलवर कागदाचा फोटो काढून पाठवला तर त्यात सावली येते, सुरकुत्या दिसतात. मग तो शहरात कोणाकडून तरी तेच चित्र पुन्हा काढून घेतो आणि त्याचा खर्च आपल्या मजुरीतून वळता करतो. म्हणून फाइल आपणच करावी, हे आम्हालाही पटतं. पण वस्तू नेमकी कोणती घ्यायची, ते आज बोलू.

दुकानात तीन प्रकार दिसतात आणि तिघांनाही टॅबलेटच म्हणतात. पहिली नुसती काळी पाटी. पेन पाटीवर फिरवायचं आणि रेघ समोरच्या कॉम्प्युटरवर बघायची. ही तीन ते पाच हजारांत मिळते. दुसरा प्रकार स्क्रीनवाला, जिथे पेन टेकेल तिथेच रेघ उमटते. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन ही त्यातली माहितीची नावं. तेरा इंची साधारण वीस-पंचवीस हजारांपासून पुढे. तिसरा, मोबाइलसारखा स्वतःच चालणारा टॅब. सॅमसंगच्या काही टॅबसोबत पेन येतं, आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं.

आता खरी मेख ऐका. दुसऱ्या प्रकारातला टॅबलेट एकटा चालत नाही. तो कॉम्प्युटरचा दुसरा पडदा आहे. लॅपटॉप नसेल तर पंचवीस हजारांची वस्तू कपाटात पडून राहील. लॅपटॉप धरला तर हिशेब साठ हजारांच्या आसपास जातो. गटातून दोन टक्के महिन्याने नुसते पंचवीस हजार उचलले तरी पहिल्या महिन्याचं व्याज 500 रुपये होतं. तेवढं काम महिन्याला हातात आहे का, हे आधी बघा.

मग स्वस्तातली काळी पाटीच का घेऊ नये? शाळा-कॉलेजातल्या मुलींना ती जमते. पण आपल्याकडे चित्र ज्यांच्या हातात आहे त्या बायका लग्नाचा चौक भिंतीवर काढत आल्या आहेत. तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी जिथे टेकते, तिथेच त्यांचे डोळे असतात. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे हे त्यांना नको वाटतं, आणि चार दिवसांत पाटी पोरींकडे जाते. मग चित्र काढणारीचा मोबदलाही पोरीच्या नावावर जातो. आमच्या मते स्क्रीनवाल्या टॅबलेटचा जास्तीचा पैसा द्यायला हेच एक कारण पुरेसं आहे.

दुकानदार सांगेल, पेनला दाबाच्या 8192 पातळ्या आहेत. दुसऱ्या एखाद्यात 4096 असतील. त्यासाठी पैसे वाढवू नका. आपली रेघ बहुतेक एकसारख्या जाडीची असते. रंगांच्या मोठमोठ्या बाताही सोडून द्या, आपल्याला गेरूवर पांढरा लागतो. बघायचं ते वेगळंच. माणूस काढताना दोन त्रिकोणांची टोकं एका बिंदूत जुळतात ना, तो बिंदू पेनच्या टोकाखाली पडतो का? काही स्क्रीनमध्ये काच आणि चित्र यांच्यात फट असते, रेघ किंचित बाजूला उमटते. काच चिकटवलेली म्हणजे लॅमिनेटेड असेल तर ही फट कमी होते. दुकानात बसून दहा माणसं काढा, चारही कोपऱ्यांत काढा. तेही चित्र काढणारीनेच काढायची, सोबत आलेल्या भाच्याने नव्हे!

आकार तेरा इंचापेक्षा कमी नको. तारप्याच्या नाचाचा वेढा काढायला मनगट नाही, अख्खा हात फिरावा लागतो. पेन बिनबॅटरीचं असावं, चार्ज करायची कटकट राहत नाही. जोडणीची वायर आपल्या लॅपटॉपला बसते का, हे लॅपटॉप सोबत नेऊनच तपासा. काहींना एचडीएमआय लागतं. काही सी-टाइप वायरवर चालतात, पण लॅपटॉपच्या प्रत्येक सी-टाइप भोकातून चित्र जातंच असं नाही. आणि लाइट गेली की हा पडदा लॅपटॉपची बॅटरी भराभर पितो, म्हणून दर थोड्या वेळाने फाइल सेव्ह करायची.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. क्रिटा आणि इंकस्केप दोन्ही फुकट आहेत. क्रिटात हात कागदासारखा चालतो, फक्त कागदाचा आकार छपाईच्या मापाचा आणि 300 डीपीआय असा सुरुवातीलाच ठेवायचा. नंतर मोठं केलं तर रेघा फुटतात. इंकस्केपमधलं चित्र चादरीएवढं केलं तरी फुटत नाही. एक मात्र सांगून ठेवतो. नाचातला एकच माणूस काढून त्याच्या पन्नास नकला चिकटवणं यात सोपं आहे, पण ते करू नका. भिंतीवर प्रत्येकीचा माणूस वेगळा वाकतो, त्याचीच तर किंमत मिळते.

ज्या गटाकडे लॅपटॉप नाही आणि कोणी चालवणारंही नाही, त्यांनी तिसऱ्या प्रकारातला पेनसकट येणारा टॅब बघावा. त्यावर आयबिस पेंटसारखं अ‍ॅप चालतं, वायरींचं जंजाळ नाही. स्क्रीन लहान पडते, पण खर्च एकाच वस्तूचा होतो.

घ्यायचं ठरलं तर ठराव लिहा. बिल गटाच्या नावाने घ्या, वॉरंटीचा कागद इतिवृत्तासोबत लावा, पेनची जास्तीची टोकं त्याच वेळी मागून घ्या, ती झिजतात. टॅबलेट कोणाच्या घरी, किती दिवस राहणार, आणि तयार झालेल्या फाइलची प्रत गटाच्या पेनड्राइव्हवर कोण ठेवणार, ही दोन नावंही त्याच ठरावात घाला. फाइल व्यापाऱ्याला पाठवण्याआधी ती किती नगांसाठी दिली हे त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या.