किल स्विचची खातरजमा

(अंधेरीतील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय तांत्रिक असला तरी तो फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणी वस्तीत कायदेशीर सल्ला केंद्र चालवतं, कुणी घरगुती हिंसेच्या तक्रारी लिहून घेतं, कुणी टोपणनावाने लिहितं. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडले गेले. मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्या प्रकरणात अटकाही केल्या. मी छोट्या ऑफिसांची नेटवर्कं जोडण्याचं काम करते, म्हणून मुली मला विचारतात, “आपा, फोनमध्ये व्हीपीएन टाकलंय, किल स्विचही चालू आहे. आता काळजी नाही ना?”

मी उलट विचारते, “चालू आहे, हे तुला कुणी सांगितलं?” उत्तर येतं, “अ‍ॅपनेच.”

म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची, त्याचीच साक्ष आपण मानतोय.

आधी थोडक्यात समजून घेऊ. व्हीपीएन म्हणजे तुमच्या फोनपासून एका दूरच्या सर्व्हरपर्यंतचा बोगदा. पारसिकच्या बोगद्यात शिरलेली लोकल बाहेरून दिसत नाही, पण ती आत शिरली हे दिसतं. तसंच, तुम्ही व्हीपीएन वापरता हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळतं. आत काय चाललंय ते कळत नाही. समोरच्या वेबसाइटला तुमच्या घरचा आयपी पत्ता न दिसता त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. आता हा बोगदा मध्येच तुटला तर? फोन थांबत नाही. तो गुपचूप नेहमीच्या उघड्या रस्त्याने जायला लागतो. बोगदा तुटताच सगळी वाहतूक रोखणं, हे किल स्विचचं काम.

आपल्या उपनगरांत बोगदा तुटायला फार काही लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. लॉकडाऊनमुळे तेव्हा कितीतरी लोक घरून काम करत होते. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर बंद पडतो. वीज आली की राउटर जागा होतो, लॅपटॉप आपोआप वाय-फाय पकडतो, आणि बोगदा पुन्हा जुळायच्या आत मेल, चॅट, ब्राउझरचे उघडे टॅब, सगळे एकदम बाहेर धाव घेतात. धोका असतो तो नेट परत आल्यानंतरच्या त्या चार-पाच सेकंदांत.

याची एक नोंद न्यायालयात आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या युबिक्विटी कंपनीचा एक कर्मचारी व्हीपीएनआडून आपल्याच कंपनीचा डेटा चोरत होता. त्याच्या घरचं इंटरनेट थोडा वेळ गेलं, परत आलं, आणि त्या क्षणात त्याच्या घरचा आयपी पत्ता उघडा पडला. मे २०२३ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. तो चोर होता, सापडला हे चांगलंच झालं. पण यंत्राला चोर आणि साव कळत नाही. तक्रार नोंदवणाऱ्या बाईचा पत्ताही असाच एका क्षणात उघडा पडू शकतो.

आता चाचणीकडे येऊ. पुष्कळ जण काय करतात? वाय-फाय बंद केलं, पान उघडलं नाही, की किल स्विच पास! अहो, वाय-फाय बंद केल्यावर ज्याच्याकडे व्हीपीएनच नाही त्याचंही पान उघडणार नाही. या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. इंटरनेट जिवंत ठेवायचं आणि फक्त बोगदा तोडायचा, तरच ती चाचणी. अ‍ॅपमधलं ‘डिस्कनेक्ट’ दाबणंही चालणार नाही. तुम्ही स्वतःहून बंद केलंत असं समजून बरीच अ‍ॅप्स तेव्हा वाट मोकळी करतात.

लॅपटॉपवर असं करा. व्हीपीएन बंद असताना आयपी पत्ता दाखवणारी एखादी साइट उघडून आपला खरा पत्ता वहीत लिहा. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, दोन्ही लिहा. जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास चालतं, आणि काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ झाकतात. म्हणजे पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. मग व्हीपीएन आणि किल स्विच चालू करा. दोन्ही पत्ते बदलले का ते बघा. आता टास्क मॅनेजरमध्ये जाऊन व्हीपीएनची प्रक्रिया ‘एंड टास्क’ने मारा आणि ते पान लगेच पुन्हा पुन्हा लोड करा. शेजारच्या फोनवर त्याच वाय-फायने नेट चालू आहे ना, तेही बघा. फोनवर नेट चालतंय आणि लॅपटॉपवर काहीच उघडत नाही, तर किल स्विच पास. वहीतला पत्ता पडद्यावर दिसला, तर नापास.

एवढ्यावर थांबू नका. राउटर बंद करून चालू करा. लॅपटॉप झोपवून उठवा. सर्व्हर बदला. मशीन रीस्टार्ट करून व्हीपीएन सुरू व्हायच्या आत पान उघडून बघा. यातल्या एखाद्या वळणावर गळती होते आणि बाकीच्या ठिकाणी होत नाही, असं घडतं.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी वायरशार्क हे मोफत साधन आहे. वाय-फाय कार्डावरून जाणारं प्रत्येक पाकीट ते दाखवतं. व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारी पाकिटं गाळून टाका आणि उरलेली बघा. घरातल्या राउटरशी होणारी किरकोळ बोलाचाली दिसेल, ती ठीक आहे. बाहेरच्या कुठल्या पत्त्याकडे काही जाताना दिसलं, तर ती गळती. ब्राउझर जे दाखवत नाही, ते इथे दिसतं.

अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपच्या किल स्विचवर थांबू नका. सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या यादीत अ‍ॅपच्या नावापुढे चक्राचं चिन्ह असतं. तिथे व्हीपीएन कायम चालू ठेवण्याचा आणि व्हीपीएनशिवाय कनेक्शन रोखण्याचा, असे दोन पर्याय असतात. दोन्ही चालू करा. मग अ‍ॅप ‘फोर्स स्टॉप’ करून ब्राउझर उघडा. घरच्या वाय-फायवरून मोबाईल डेटावर जाऊनही बघा, कारण आपण रोज घरातून स्टेशनकडे निघतो तेव्हा फोन हेच करतो.

तरीही भाबडेपणा नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलवाड या व्हीपीएन कंपनीने दाखवून दिलं की, ही दोन्ही बटणं चालू असतानाही वाय-फायला जोडताना अँड्रॉइड ‘नेट आहे का’ ही तपासणी बोगद्याबाहेरून करतो. २०२० मध्ये प्रोटॉनने सांगितलं की, व्हीपीएन सुरू करण्याआधी उघडलेली कनेक्शनं आयफोन तोडत नाही. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाची पळवाट समोर आली. तिच्यात वाय-फाय चालवणारा माणूस तुमची वाहतूक बोगद्याबाहेर वळवतो, पण बोगदा जोडलेलाच दिसतो, म्हणून बरेच किल स्विच जागेच होत नाहीत. अँड्रॉइडवर ही पळवाट चालत नाही. लॅपटॉपवर चालू शकते. म्हणून अनोळखी वाय-फायवर नाजूक काम करूच नका.

आणि चाचणीत पास झालेला किल स्विचही काही गोष्टी झाकू शकत नाही. स्टेशनच्या वाय-फायला ओटीपीसाठी मोबाईल नंबर दिलात, तर ओळख तिथेच दिलीत. स्वतःच्या नावाने लॉगिन केलंत, तर बोगद्याच्या पलीकडे पाटी लावलीत. व्हीपीएन कंपनी स्वतः काय लिहून ठेवते, तेही चाचणीत दिसत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, आणि एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मात्र बंदीचे आदेश निघालेले आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क कागदावर आहे. फोनमध्ये तो आपल्यालाच सांभाळायचा आहे.

घरातल्या मीटरच्या बोर्डावर शॉकपासून वाचवणारा ब्रेकर असतो. त्यावर ‘टेस्ट’चं छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबायचं असतं, कारण ब्रेकर नुसता लावलेला असणं आणि तो वेळेवर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीपीएनला असं बटण नाही, म्हणून ते काम आपण करायचं: अ‍ॅप अपडेट झालं की, फोन बदलला की, राउटर बदलला की. दोघींनी मिळून करा, एकीने बोगदा तोडायचा, दुसरीने पडदा बघायचा. तारीख आणि निकाल वहीत लिहा. नापास झालं तर ते अ‍ॅप बदला, आणि तोवर त्या मशीनवर कुणाचीही तक्रार उघडू नका.

ज्या बाईने तुमच्यावर विश्वास ठेवून आपली हकीकत सांगितली, तिला हे तपासता येणार नाही. तिच्या वतीने खातरजमा करणं ही आपली जबाबदारी आहे. आता लॅपटॉप उघडा, इथेच पहिली चाचणी करू.