यकृतात पोचलेला जठराचा कर्करोग : शस्त्रक्रिया कुणासाठी?



मी वैद्य नव्हे; केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य गेलेला एक साधा पदवीधर. परंतु परप्रांतात आपल्यापैकी कुणाचे दुखणे विकोपाला गेले की चार घरची मंडळी इस्पितळाच्या बाकावर जमतात आणि एकच प्रश्न निघतो : "गाठ आहे ना? मग कापून का टाकत नाहीत?" न कापणारा डॉक्टर आपल्याला भित्रा वाटतो.

जठरातील रक्त हृदयाकडे परतण्यापूर्वी यकृतातून जाते. त्या प्रवाहात सापडलेल्या कर्कपेशींचा पहिला मुक्काम बहुधा तेथेच पडतो. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा रोगट भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण स्त्री तीतून बरी होऊन घरी गेली, आणि सुमारे चार महिन्यांनी रोग पसरून वारली. शल्यविशारदाच्या हातात उणे नव्हते; रोगच पुढे निघून गेला होता.

जपान, कोरिया व सिंगापूर येथील १७५ रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग यकृतात किंवा अन्य एखाद्या ठिकाणी पसरलेले हे रुग्ण. काहींना केवळ रसायनोपचार दिले, काहींचे आधी जठर काढले. दोन वर्षांनी पहिल्या गटात शेकडा ३१.७, तर दुसऱ्यात २५.१ हयात होते. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. जठर गेलेल्या माणसाला अन्न जात नाही, वजन उतरते, मग औषधाच्या फेऱ्या झेपत नाहीत.

"अमक्यांच्या काकांचे यकृत कापले, ते ठणठणीत आहेत," असेही कुणी सांगतो. ते खरे असेल. पण मूळ रोग बहुधा मोठ्या आतड्याचा असतो, त्याची चाल निराळी. जठराच्या बाबतीत यकृतात एखादीच गाठ, इतरत्र प्रसार नाही, औषधाने रोग आवरलेला, अशा निवडक रुग्णांत अनुभवी शल्यचिकित्सक दोन्हींकडचा रोग काढण्याचा विचार करतात. रक्तस्राव वा अन्नमार्ग बंद होणे यांसाठी केलेली शस्त्रक्रिया ही आराम देण्यासाठी असते, रोगमुक्तीसाठी नव्हे; संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी यांपैकी कोणती, हे स्पष्ट विचारावे.

दुसऱ्या मतासाठी मुंबईचे टाटा रुग्णालय आठवणे स्वाभाविकच. पण २०१२ पासूनच्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरची रुग्णालये आहेत. आपल्या शहरातले आधी पाहावे. आणि प्रवासास निघालातच, तर तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे मागून घ्यावेत. नुसता अहवाल पुरत नाही.