जाहिरातीची जादू आणि जाहिरातीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घड्याळांच्या जाहिरातीत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटे दाखवितात. याचे एक चमत्कारिक स्पष्टीकरण लोकांत फिरत असते. अब्राहम लिंकन यांचा मृत्यू त्या वेळी झाला, म्हणून घड्याळवाल्यांनी काटे तेथे थांबविले, असे कोणी सांगतो. कोणी लिंकनच्या जागी केनेडींचे नाव घालतो. पूर्वी असला मजकूर वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतील चौकटीत येई. आता तो मोबाईलवर येतो आणि तासाभरात गावभर होतो. वस्तुतः पडताळा अवघड नाही. लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री दहा वाजून गेल्यावर गोळी झाडली गेली, परंतु त्यांचे निधन झाले दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी. केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या भरदुपारी साडेबाराला. शिवाय गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक जाहिरातींत काटे आठ वाजून वीस मिनिटांवर आढळतात. लिंकनचे सुतक पाळावयाचे असते, तर ते इतक्या वर्षांनंतर कोणाला सुचले असते? खरे कारण अगदी साधे आहे. काटे दहा-दहावर असले म्हणजे तबकडीच्या वरच्या भागात छापलेले कंपनीचे नाव झाकले जात नाही आणि तबकडी हसरी दिसते.

अशीच, पण अधिक दूरगामी परिणामांची दुसरी कथा १९५७ ची आहे. अमेरिकेतील जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाने पत्रकारांना बोलावून जाहीर केले की, न्यू जर्सीतील फोर्ट ली येथील एका चित्रपटगृहात, चित्रपट चालू असतानाच, ‘पॉपकॉर्न खा’ आणि ‘कोका-कोला प्या’ अशा सूचना पडद्यावर सेकंदाच्या तीन-हजाराव्या हिश्शाएवढा वेळ झळकविण्यात आल्या. प्रेक्षकांना त्या दिसल्याही नाहीत. परंतु पॉपकॉर्नची विक्री ५७.७ टक्क्यांनी आणि कोका-कोलाची १८.१ टक्क्यांनी वाढली. व्हान्स पॅकार्ड यांचे ‘द हिडन पर्सुएडर्स’ हे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाल्याने या बातमीने विलक्षण खळबळ उडाली आणि काही देशांत अशा अदृश्य जाहिरातींवर बंदीही आली. पुढे १९६२ मध्ये व्हिकरीने जाहिरात-व्यवसायाच्या एका नियतकालिकाला मुलाखत दिली आणि आपल्याजवळची माहिती काही अर्थ निघण्याइतकी नव्हती, अशी कबुली दिली. कबुली विसरली गेली. आकडे मात्र, दशांश चिन्हासकट, अजून सांगितले जातात.

या दोन कथांचा उल्लेख त्या खोट्या आहेत एवढ्यासाठीच नाही. त्या लोकांना आवडतात का, हा खरा प्रश्न आहे. जाहिरातीचे सामर्थ्य एखाद्या गुप्त मंत्रात आहे असे मानले, म्हणजे मंत्र उघड झाल्याबरोबर माणसाला आपण शहाणे झालो असे वाटू लागते. परंतु जाहिरातीचे सामर्थ्य कोठे लपलेले नाही. पैसे कोण देतो, कार्यक्रम कोणता दाखवावयाचा हे कोण ठरवितो, आणि या व्यवहारात प्रेक्षकाचे स्थान काय, या उघड्या व्यवस्थेत ते आहे. समाजवादी कार्यकर्त्याने जादूच्या मागे न लागता हा हिशेब तपासला पाहिजे.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर दूरदर्शनचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, तेव्हा तिचा हेतू शिक्षणाचा होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘आमची माती, आमची माणसं’ व ‘ज्ञानदीप’ यांसारख्या कार्यक्रमांनी शेतकऱ्यांशी व सामान्य नागरिकांशी नाते जोडले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम पोहोचविण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. गावकीच्या एका संचासमोर सारे गाव बसे. आणि नेमक्या त्याच वर्षात, १ जानेवारी १९७६ पासून, दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती घेण्यास आरंभ झाला. देशात आणीबाणी होती. विरोधी पक्षांचे नेते व कार्यकर्ते तुरुंगात होते. या निर्णयावर मोकळी चर्चा होणे शक्यच नव्हते. एका बाजूस खेड्यासाठी उपग्रह आणि दुसऱ्या बाजूस शहरी ग्राहकासाठी जाहिरात, अशा दोन वाटा त्या वर्षी दूरदर्शनसमोर होत्या. पुढे कोणती वाट रुंद झाली, हे सांगावयास नको.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. दूरदर्शनच्या कार्यक्रमांची दिशा ठरविण्यासाठी नेमलेल्या पी. सी. जोशी समितीचा अहवाल १९८४ मध्ये सादर झाला. दूरचित्रवाणीने दिल्लीकडे व उपभोगाकडे न पाहता भारतीय जीवनाकडे पाहावे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ७ जुलैस ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोतील प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन, कुटुंबनियोजन व स्त्रियांचा दर्जा यांविषयी लोकशिक्षण करावे हा तिचा मूळ उद्देश होता. मालिकेचे प्रायोजकत्व घेतले ते बाजारात नुकत्याच आलेल्या, दोन मिनिटांत शिजणाऱ्या मॅगी शेवयांनी. आरंभीच्या भागांनंतर कुटुंबनियोजनाचा प्रचार सौम्य करण्यात आला. शेवया मात्र घरोघर रुजल्या. यात कोणाचा कट होता असे नाही. कार्यक्रमाचे आयुष्य प्रायोजकावर अवलंबून राहिले, म्हणजे प्रेक्षकाला रुचेल तेवढेच लोकशिक्षण शिल्लक राहते.

कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइद यांनी १९७७ मध्ये या व्यवहाराचे मर्म नेमके सांगितले. व्यापारी माध्यमे कार्यक्रम विकतात असा सर्वसाधारण समज असतो. स्माइद यांच्या मते ती विकतात प्रेक्षक. मालिका, सामना, बातम्या हे गळाला लावलेले आमिष. जाहिरातदाराला विकला जाणारा माल म्हणजे प्रेक्षकाचा वेळ आणि त्याचे लक्ष. मोबाईलच्या युगात हे विवेचन अधिकच खरे ठरले आहे. लिंकनच्या घड्याळासारखी चुटपुटती माहिती जेथून येते, तेथे ती खरी की खोटी याला मोल नाही. बोट किती वेळ थबकले याला मोल आहे. खोटे चमत्कारिक असते आणि खरे बहुधा साधे असते, म्हणून या बाजारात खोट्याला अधिक भाव मिळतो.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. जाहिरातीमुळे करमणूक फुकट किंवा स्वस्तात मिळते, मग तक्रार कशाची? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार केला पाहिजे. जाहिरातीचा खर्च वस्तूच्या किमतीतून वसूल होतो. साबणाची वडी घेणारी शेतमजूर बाई, तिच्या घरी दूरदर्शन संच असो वा नसो, हा खर्च भरीत असते. मोठ्या खपामुळे किंमत उतरते, असा प्रतिवाद केला जातो. नव्या वस्तूच्या बाबतीत तो काही वेळा खराही असतो. परंतु जेथे दोन-चार कंपन्यांनी बाजार वाटून घेतला आहे, तेथे एकीची जाहिरात दुसरीची जाहिरात निष्फळ करण्यासाठीच असते. एकूण खप वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. एवढेच नव्हे, तर हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा होतो. म्हणजे त्याचा काही भार सरकारी तिजोरीवर, पर्यायाने शाळा-दवाखान्यांवर, पडतो. १९७८ च्या अर्थसंकल्पात जनता सरकारचे अर्थमंत्री एच. एम. पटेल यांनी जाहिरात व विक्रीवाढ यांवरील मोठ्या खर्चाचा काही भाग वजावटीस नाकारण्याची तरतूद केली होती. १९८० मध्ये ती काढून टाकण्यात आली, १९८३ मध्ये निराळ्या रूपात परत आली आणि १९८५ मध्ये पुन्हा गेली. आज त्या वादाचे स्मरणही राहिलेले नाही.

जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये असा मुद्दा मांडला की, ज्या उत्पादनाने गरज भागवावयाची तेच उत्पादन जाहिरातीच्या द्वारे गरज निर्माण करीत असेल, तर त्या उत्पादनाला गरजेचा आधार देता येणार नाही. फ्रीडरिक हायेक यांनी १९६१ मध्ये त्यास उत्तर दिले: संगीत व साहित्य यांची गोडीही माणूस जन्मतः घेऊन येत नाही, म्हणून ती कमी मोलाची ठरते काय? हे उत्तर समाजवाद्यांनी सहज उडवून लावू नये. गरज बाहेरून आली एवढ्याने ती कृत्रिम ठरत नाही, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. साहित्याची गोडी लावणारे अनेक असतात आणि ते एकमेकांशी भांडतातही. पडद्यावर मात्र ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच बोलता येते. शीतपेयाची जाहिरात दिवसातून शंभरदा लागते. गावाला नळाचे शुद्ध पाणी हवे, ही जाहिरात कोण देणार? सार्वजनिक गरजांना प्रायोजक नसतो.

जाहिरात सामाजिक दुःखाचे काय करते, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७५ पासून बाजारात असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या एका जाहिरातीत निम्नमध्यमवर्गीय घर दाखविले होते. पैशाची ओढाताण आहे. आपल्याला मुलगा असता तर, असे वडील हळहळतात. सावळी मुलगी ते ऐकते, मलम लावते, उजळते, तिला हवाई सुंदरीची नोकरी मिळते आणि घराचे दिवस पालटतात. या लहानशा कथेत बेकारी आहे, मुलीविषयीचा दुजाभाव आहे, वर्णभेद आहे. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणूनच जाहिरात मनाला भिडते. मात्र तिन्हींवर उपाय एकच, तोही एका नळीत भरलेला. समाजाने सोडवावयाचा प्रश्न मुलीच्या कातडीवर आणून ठेवला जातो. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये आक्षेपार्ह जाहिराती बंद झाल्या. २०२० मध्ये मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्दही गेला. त्या जागी ‘ग्लो’ आला. जाहिरात हरते तेव्हाही शब्द बदलून परत येते, हा यातील दुसरा धडा.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. प्रेक्षक मूर्ख असतो, त्याला आपण शहाणे करावयाचे आहे, ही भूमिका चुकीची आहे आणि उद्धटपणाचीही आहे. जाहिरातीत अतिशयोक्ती असते हे खेड्यातील म्हातारीलाही ठाऊक असते. परंतु एकट्याचा संशय पुरेसा पडत नाही. आईला जाहिरात खोटी आहे हे कळूनही रडणारे मूल तिच्याच पदराला धरते. म्हणून जेथे काही घडले तेथे ते संघटित प्रयत्नाने व कायद्याने घडले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास १९८० पासून मनाई आहे. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा ग्राह्य ठरविला. बालकांच्या दूधभुकटीविरुद्ध १९७७ मध्ये सुरू झालेल्या जागतिक बहिष्कारातून १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता आली आणि त्या प्रकाशात भारताने १९९२ चा कायदा केला. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्याच वर्षीच्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. तेव्हा त्याच नावाची वेलची व पानमसाला पडद्यावर अवतरले. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींनाही मनाई केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदे कागदावर आहेत. त्यांच्या मागे उभे राहणारे लोक हवेत.

हे काम पक्षाच्या शाखांना सहज उचलता येण्याजोगे आहे. अभ्यासवर्गात एका संध्याकाळचे तासाभराचे प्रक्षेपण सर्वांनी मिळून पाहावे आणि तीन गोष्टींची नोंद करावी: या कार्यक्रमाचा पैसा कोणाचा, जाहिरातीत कोणता खरा प्रश्न घेतला आहे आणि त्याच्या उत्तरातून काय गाळले आहे, आणि केलेल्या दाव्याचा पडताळा कोठे मिळेल. मोबाईलवर येणाऱ्या चमत्कारिक मजकुरालाही हेच तीन प्रश्न लावावेत. आपल्या पक्षाला सोयीचा मजकूर आला तर अधिक काटेकोरपणे लावावेत. ज्या जाहिरातीत कायद्याचा भंग दिसेल तिची तक्रार महिला मंडळाने, युवक दलाने किंवा कामगार संघटनेने संघटनेच्या नावाने करावी आणि तिचा पाठपुरावा करावा.

आणि या सर्वांच्या वर एक मोठी मागणी आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत ज्यात होते त्या खंडपीठाने, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे, असा निर्णय दिला. पाणी, जंगल आणि जमीन यांवरील समाजाच्या हक्कासाठी समाजवादी चळवळ आयुष्यभर झगडली. रेडिओलहरी त्याच यादीत बसतात. सरकारच्या मुठीत नसलेली आणि जाहिरातदाराच्या खिशावर न जगणारी लोकप्रसारण-संस्था, तिला सार्वजनिक निधी आणि तिच्या कारभारावर लोकांची देखरेख, ही मागणी पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा आली पाहिजे. आगामी शिबिरांत शाखांनी यावर चर्चा करून आपले ठराव पाठवावेत.