मिंकच्या शेडमधला फ्लू



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू जनावरांचा डॉक्टर. दहा मिनिटं बर्ड फ्लूवर बोल, पण कोणाला घाबरवू नकोस." पहिलं जमेल, दुसऱ्याची हमी देत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा मी तिथे ड्यूटीवर होतो. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, आत घामाच्या धारा, आणि समोर ओळीने मेलेल्या कोंबड्या. ते मी तुम्हाला दर मेळाव्यात ऐकवलं आहे, त्यामुळे आज कोंबड्या नाहीत. आज बोलायचंय ते फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांबद्दल. हा धंदा आपल्याकडे नाही. तरी निवृत्तीनंतर जे काही वाचलं, त्यात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते यानेच.

मिंक म्हणजे अंगलटीने मुंगसासारखा, नात्याने पाणमांजराच्या कुळातला प्राणी. रानात तो एकटा राहतो, दुसऱ्या मिंकला आपल्या हद्दीत फिरकू देत नाही. फार्मवर मात्र जाळीच्या पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा असतात, वर छप्पर, बाजू बहुधा उघड्या. मासळीचा आणि कत्तलखान्यातल्या उरल्यासुरल्या मांसाचा लगदा पिंजऱ्याच्या जाळीवरच थापतात. आता समुद्राकाठी असं खाणं उघड्यावर ठेवलं तर कुरव पक्षी येणार नाहीत का? आपल्या मच्छीबाजारात बघा, कावळ्यांना कोणी आमंत्रण देत नाही.

ऑक्टोबर २०२२. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे, तिथल्या एका फार्मवर सुमारे ५२ हजार मिंक होते. एरवी आठवड्याला हजारी दोन-तीन मरत. ते वाढत वाढत एका आठवड्यात शेकडा चारच्या वर गेले. आधी शंका कोविडची आली, पण ती तपासणी निगेटिव्ह निघाली. मग कळलं, हा एच५एन१, पक्ष्यांचाच. त्याच काळात त्या किनाऱ्यावर कुरव मरत होते.

आता बाई, तुमच्या वर्गातला प्रश्न. प्रत्येक मिंकला हा रोग कुरवापासून वेगवेगळा झाला, की एकाने दुसऱ्याला दिला? सगळी गोम यात आहे. पक्ष्यापासून एखाद्या जनावराला लागण होणं नवं नाही. मेलेला पक्षी खाल्ला, आजारी पडलं, मेलं, गोष्ट संपली. पण जनावराने जनावराला दिला, तर विषाणूला सस्तन प्राण्याच्या शरीरात राहायचा सराव होतो.

उत्तर शोधायला कुठलं मोठं यंत्र नव्हे, मरणाचा क्रम कामी आला. एका शेडमध्ये दोन-चार शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतले सगळे मिंक एक-दोन दिवसांत मरत, आणि मग तो प्रकार दुसऱ्या शेडमध्ये सुरू होई. अंगणवाडीत कांजिण्या पसरतात तसं. शिवाय विषाणूच्या जनुकांत एक बदल सापडला, जो पक्ष्यांच्या विषाणूंत क्वचित दिसतो, पण २००९ च्या स्वाइन फ्लूत होता. त्या साथीत आपलं पुणं कसं बंद झालं होतं ते आठवत असेलच. तपासणाऱ्यांनी जपून शब्द वापरले, पण मिंकने मिंकला दिला असणार, असाच त्यांचा कल होता. मला तर त्या क्रमाकडे बघून शंका उरत नाही.

हे अचानक घडलं असंही नाही. १९८४ मध्ये दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यालगत ३३ फार्मवर सुमारे एक लाख मिंकना पक्ष्यांकडून आलेला दुसरा फ्लू, एच१०एन४, झाला होता. झाला जवळपास सगळ्यांना, मेले शंभरात तीन. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं आधी सूचना मिळाली होती.

मिंकच का? विषाणू पेशीत शिरतो तो कुलूप-किल्लीसारखा. पक्ष्यांच्या फ्लूची किल्ली एक, माणसाच्या फ्लूची दुसरी. मिंकच्या श्वासमार्गात दोन्ही कुलपं आहेत. त्याचा भाऊबंद फेरेट तसाच. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा पकडला तो फेरेटमध्येच, आणि पुढे एक फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला तेव्हा दोन दिवसांत तो गृहस्थही अंथरुणाला खिळला. प्राण्याकडून माणसाकडे येणारी ही वाट आमच्या धंद्यात तेव्हापासून माहीत आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये ७१ फर फार्मवर एच५एन१ पोचला. तिथे मिंकबरोबर कोल्हे आणि रॅकून डॉगही होते. सुमारे पाच लाख जनावरं मारावी लागली. पाच लाख हा आकडा वाचायला सोपा आहे. ज्याने हाताने हे काम केलंय त्याला तो सोपा वाटत नाही. मालकाचं पोट जातं, आणि मारणाऱ्यालाही रात्री झोप लागत नाही.

स्पेनच्या ज्या ११ कामगारांची तपासणी झाली, ते सगळे निगेटिव्ह निघाले. फिनलंडमध्येही माणसाला लागण आढळली नाही. तरी २०२४ मध्ये फिनलंडने फर फार्मवरच्या कामगारांना बर्ड फ्लूची लस देऊ केली. मला हे शहाणपणाचं वाटतं. नवापूरला आम्हाला गोळ्या मिळाल्या होत्या, लस कुठून असणार? आणि माझ्या मते उघड्या शेडला जाळी मारणं आणि कच्चं मांस न शिजवता खायला घालणं थांबवणं, हे लशीच्याही आधी व्हायला हवं. कॅनडातल्या मिंकना तर डुकरांचा फ्लूही होऊन गेला आहे.

कोणीतरी मागून विचारतंय, आपला काय संबंध? नागपूरच्या गोरेवाड्याला २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितलं, एच५एन१. फर फार्म नाही, मिंक नाही, पण पिंजऱ्यातलं मांसाहारी जनावर तेच, आणि विषाणूही तोच.

आता घंटा झाली असं संयोजक खुणावतायत. चिकनचं काय, हे विचारायला तिघं आधीच येऊन गेले. शिजवल्यावर हा विषाणू टिकत नाही. आचाऱ्याला मी सकाळीच विचारलंय, रस्सा चांगला रटरटा उकळलेला आहे. चला, पानं मांडली आहेत.