भाड्याचे घर आणि केराचा आठवडा

(शिक्षणासाठी व नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या तरुण-तरुणींच्या आणि त्यांच्या पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'परदेशातील पहिले वर्ष' असा ऐसपैस विषय दिला आहे. त्यातील एकच तुकडा मी उचलणार आहे, तो म्हणजे भाड्याचे घर. मी, माझी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी जानेवारी २०२१ मध्ये श्टुटगार्टला पोहोचलो, तेव्हा त्या देशात घराखेरीज फारसे काही उघडेच नव्हते. १६ डिसेंबर २०२० पासून कडक टाळेबंदी होती. शाळा, उपाहारगृहे, फर्निचरची दुकाने, सारे बंद. बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी. भेटीगाठींचा नियम असा की, एका घरातील माणसांना बाहेरची एकच व्यक्ती भेटू शकेल. माझे कार्यालयही घरातच. तेव्हा परदेश म्हणजे आमच्यापुरता चार भिंती, एक जिना आणि जिन्याच्या तळाशी असलेली पत्रपेटी एवढाच होता. महामारी सरली, परंतु त्या जिन्याने जे शिकवले ते तुमच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

श्टुटगार्ट आपल्याला अगदी परके नाही. १९६८ पासून ते मुंबईचे भगिनीशहर आहे. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात २०१५ मध्ये भागीदारी झाली आणि २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत करारही झाला. आज येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण त्याच राज्यात जाणार आहेत, हे मला नोंदणीच्या यादीवरून समजले.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे भाड्याचे घर म्हटले की डोळ्यांसमोर अकरा महिने येतात. 'लिव्ह अँड लायसन्स'चा कागद, दलालाची दलाली आणि दहाव्या महिन्यापासून सुरू होणारी धाकधूक. अशा घरात माणूस राहतो, पण रुजत नाही. भिंतीला खिळा ठोकताना दहादा विचार करतो, आणि जिन्यात कचरा दिसला तर 'आपल्याला काय करायचे आहे, मालक बघेल' म्हणून ओलांडून जातो. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात आणि बहुतेक करारांना मुदतीची तारीखच नसते. भाडेकरूने घर सोडायचे तर तीन महिने आधी कळवावे. मालकाला मात्र कायद्यात सांगितलेल्या कारणाखेरीज घर सोडायला लावता येत नाही. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, तीही तीन हप्त्यांत देण्याची मुभा असते, आणि मालकाने ती स्वतःच्या पैशापासून वेगळी ठेवावी लागते. थोडक्यात, कायदा भाडेकरूला पाहुणा समजत नाही, रहिवासी समजतो. मग तोही रहिवाशासारखा वागेल, अशी अपेक्षा ओघानेच येते.

विशेष विमानसेवेच्या व्यवस्थेतून आम्ही गेलो. भारत तेव्हा जोखमीच्या प्रदेशांच्या यादीत होता, त्यामुळे पोहोचताच विलगीकरण आले. ते एका तात्पुरत्या खोलीत पार पाडले आणि १ फेब्रुवारीला घराच्या किल्ल्या हाती आल्या. ते घर आम्ही तोवर केवळ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिले होते. घर रिकामे होते, हे सांगताना मला 'रिकामे' हा शब्द अपुरा वाटतो. स्वयंपाकघरात ओटा नव्हता, शेगडी नव्हती, हात धुण्याचे भांडेही नव्हते. भिंतीतून नळाचे तोंड तेवढे बाहेर आलेले. छतातून विजेच्या तारा लोंबत होत्या, दिवा एकही नव्हता. तेथे ही रीतच आहे. जाणारा भाडेकरू अनेकदा आपला ओटा आणि दिवे घेऊन जातो. एरवी माणूस दुकानात जाऊन आठवड्यात सारे जमवतो. आमच्या वेळी दुकाने बंद. मागणी नोंदवून ठरल्या वेळी दारात जाऊन वस्तू उचलायची, एवढीच मुभा. ओटा येण्यास सात आठवडे लागतील असे उत्तर मिळाले. त्या सात आठवड्यांत आमचा संसार विजेच्या एकाच तबकशेगडीवर आणि न्हाणीघरातील नळावर चालला.

गृहप्रवेशाला दूध उतू घालायचे, हा पत्नीचा आग्रह. शेगडी जमिनीवर, पातेले लहान, मुलगी टाळ्या वाजवीत उभी. दूध उतू गेले. उदबत्ती मात्र आम्ही खिडकीशी लावली, कारण त्या राज्यात झोपण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर धुराची सूचना देणारे यंत्र सक्तीचे आहे आणि ते भक्तिभावाचा विचार करीत नाही. त्याच संध्याकाळी घंटा वाजली. दार उघडले तर बाहेर कोणी नाही. पायपुसण्यावर एक पाव, मिठाची पुडी आणि चार ओळींची चिठ्ठी. नव्या घरात येणाऱ्याला पाव आणि मीठ द्यावे, म्हणजे त्या घरात अन्नाला तोटा पडत नाही, अशी तेथील जुनी प्रथा आहे. समोरच्या घरातील ऐंशीच्या पुढील बाईंनी संसर्गाच्या भयाने घंटा वाजवून आपले दार लावून घेतले होते. आत दूध, बाहेर मीठ! गृहप्रवेश हा संस्कार केवळ आपलाच, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे पुष्कळजण अडखळतात. किल्ल्या घेताना घराच्या स्थितीची लेखी नोंद करून घ्या. भिंतीवरचे ओरखडे, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, सारे त्यात आले पाहिजे. घर सोडताना अनामत परत मिळणे त्या कागदावर अवलंबून असते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. महामारीच्या काळात सर्वत्रच भेटीच्या वेळा तुटपुंज्या झाल्या होत्या, म्हणून करारावर सही होताच वेळ मागून ठेवलेली बरी, असा आमचा अनुभव. या नोंदणीतूनच कराचा क्रमांक मिळतो आणि बाकीची कामे तिच्यामागून येतात. आणि एक बारीक गोष्ट. तेथील पत्त्यात बहुधा सदनिकेचा क्रमांक नसतो. पत्रपेटीवर आणि घंटेवर तुमचे आडनाव नसेल तर टपाल परत जाते. सरकारच्या लेखी तुम्ही आहात, पोस्टमनच्या लेखी नाही. आमचे पाच अक्षरी आडनाव त्या पाटीवर लागले, तेव्हा मुलगी ते रोज खाली जाऊन वाचून येई.

खिडक्यांचे प्रकरणही असेच. हिवाळ्यात दिवसातून काही वेळा सर्व खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे घर वाऱ्यावर टाकायचे, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. हे अनेक करारांत लिहिलेलेच असते. २०२० च्या शरद ऋतूत विषाणू हवेतून पसरतो हे स्पष्ट होत गेले आणि चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी घर-कार्यालय हवेशीर ठेवणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय असल्याचे सांगितले, तेव्हा जर्मन माणसाला त्यात नवे काही वाटले नाही. बाहेर शून्याखाली तापमान असताना खिडकी उघडणे आपल्या जिवावर येते. उघडा.

आता तो जिना. मार्चच्या पहिल्या सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर शब्द होता, 'केरवोखे'. 'वोखे' म्हणजे आठवडा. 'केर' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको! जर्मन भाषेत 'केरेन' म्हणजे झाडणे. दोन भाषांतील हा केवळ योगायोग असेल, परंतु तो माझ्या मुलीला इतका आवडला की त्या दिवसापासून तिने जर्मन ही सोपी भाषा ठरवून टाकली. केरवोखे ही श्वाबेन प्रदेशाची खास व्यवस्था. श्टुटगार्टच्या पंधराव्या शतकातील नगरनियमांपर्यंत तिची मुळे नेली जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस महापालिकेने आपली सक्ती काढली, तरी भाडेकरारांतून ती आजही टिकून आहे. लहान केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यावरचा जिना झाडणे-पुसणे. मोठी म्हणजे तळघर, प्रवेशद्वार आणि पदपथ. आठवडा संपला की झाडणाऱ्याने पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. बोलावे लागत नाही, तक्रार करावी लागत नाही. आपल्या जुन्या चाळींत सामाईक नळाच्या आणि मोरीच्या पाळ्या असत, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे नवे वाटणार नाही.

आमच्या मजल्यावर दोनच घरे. त्यामुळे एक आठवडा त्या बाईंचा, एक आमचा. टाळेबंदीत शेजाऱ्याशी जो काही संवाद होता तो त्या पाटीतूनच. मी तांदळाचा दाणाही पायरीवर राहू दिला नाही, हे मी अभिमानाने सांगतो. ती एकच गोष्ट होती जिच्यावरून त्या इमारतीतील माणसे आम्हाला ओळखू शकत होती. तोंडे तर मुखपट्टीखाली होती.

आणि मग एप्रिल आला. भारतातील दुसऱ्या लाटेचे वर्णन तुमच्यापुढे मी काय करावे? दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांपुढे गेली. नाशिकला माझे वडील रुग्णालयात दाखल झाले आणि आई घरी एकटी विलगीकरणात. २६ एप्रिलपासून जर्मनीने भारताला विषाणूच्या नव्या प्रकाराचा प्रदेश ठरविले. तेथून येण्यास जर्मन नागरिक आणि जर्मनीत निवासाचा हक्क असलेले यांनाच बहुतांशी मुभा राहिली, आणि त्यांनाही चौदा दिवसांचे विलगीकरण. मी निघालो असतो तरी वॉर्डात कोणालाच प्रवेश नव्हता. धाकट्या भावाने पुण्याहून येऊन औषधे आणि प्राणवायू यांची धावपळ अंगावर घेतली. मी रात्र-रात्र फोनवर. साडेतीन तासांच्या फरकाने नाशिकची पहाट माझ्या मध्यरात्रीनंतर लगेचच होई.

त्या दिवसांत पाटी आमच्या दाराला आलीच नाही. पत्नीने जिन्यात भेटलेल्या बाईंना मोडक्या जर्मनमध्ये एवढेच सांगितले होते की, सासरे इस्पितळात आहेत. त्यांनी काही विचारले नाही, काही म्हटले नाही. पाटी स्वतःच्या दारावर ठेवून घेतली आणि आमचे दोन आठवडे, ऐंशीच्या पुढील त्या बाईंनी, कठड्याला धरून झाडले. सतराव्या दिवशी वडील घरी आले. त्यानंतरच्या सोमवारी पाटी पुन्हा आमच्या मुठीला होती. मी आभार मानायला गेलो, तेव्हा दोन मीटरांवरून त्यांनी एकच विचारले, "आता जेवतात का ते?"

आईला त्या सतरा दिवसांत दोन्ही वेळचा डबा कोण देत होते, हे मला पुढे कळले. आमच्या नाशिकच्या घराच्या तळमजल्यावर विदर्भातून आलेले एक तरुण जोडपे राहत होते. डबा पायरीवर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे सरायचे. त्यांचा करार अकरा महिन्यांचाच होता. कागद आणि मुदत यांविषयी मी मघाशी जे बोललो, ते या जोडप्याला वगळून ऐकावे.

वेळ होत आली. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली एका मातोश्रींची आहे: मुलाबरोबर कुकर द्यावा का? अवश्य द्यावा. सपाट तळाचा, इंडक्शनवर चालणारा. मात्र तेथे रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, तेव्हा शिट्ट्या त्याआधी होऊ द्याव्यात.