फुटाळ्याची चकाकी आणि मॅंगनीजचा आरसा



दुपारी पोलरॉइडचा गॉगल लावून नागपूरच्या फुटाळा तलावावर गेलात तर एक गंमत करून पाहा. पाण्याकडे बघता बघता मान खांद्याकडे कलवा. चकाकी डोळ्यांत खुपू लागेल. मान सरळ केली की दबेल. पाण्यावरून परतलेल्या प्रकाशाची कंपनं बहुतांशी आडवी असतात आणि आडवी कंपनं गॉगल अडवतो. आता मे महिन्यात या प्रयोगापायी ऊन लागलं, तर व्याख्यात्याला बोल लावू नका.

मान स्थिर ठेवून कंपनांचीच दिशा कलवता येईल का? फॅरडेनं १८४५ साली चुंबकाच्या जोरावर काचेतून जाणाऱ्या प्रकाशात ते साधलं होतं. परतणाऱ्या प्रकाशात ते दाखवलं जॉन केर यांनी, १८७६ साली. ग्लासगोत शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात ते गणित शिकवत. शिक्षण धर्मशास्त्राचंही झालेलं. विद्युतचुंबकाच्या लोखंडी ध्रुवाला त्यांनी आरशासारखी झिलई दिली, त्यावर एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश पाडला आणि परतीच्या वाटेवर गॉगलसारखी चाळणी अशी लावली की पलीकडे अंधार. वीज सोडली, तर त्या अंधारात पुसट उजेड उगवला. प्रवाह उलटा केला, तर कंपनं विरुद्ध अंगाला कलली.

कलली म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा पाच सेकंदांत अर्धा अंश सरकतो. लोखंडाचं वळण त्याहूनही कमी! आणि चुंबक किरणाला हात लावत नाही, हे लक्षात घ्या. तो धातूतल्या इलेक्ट्रॉनांची घडी बदलतो. मग डावीकडे फिरणाऱ्या आणि उजवीकडे फिरणाऱ्या प्रकाशाला ते वेगवेगळी वागणूक देतात. किरण त्याच वाटेनं परततो, फक्त कूस बदलून.

माझा खरा जीव पुढच्या गोष्टीत आहे, कारण ती नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतल्या धातूची आहे. शुद्ध मॅंगनीज चुंबकाला दाद देत नाही. बिस्मथ तर चुंबकापासून किंचित दूरच सरतो. पण या दोन नाठाळांची मोट बांधली की खणखणीत चुंबक तयार होतो, आणि त्याचा पातळ पापुद्रा परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं लोखंडापेक्षा जास्त कलवतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९५७ मध्ये अशा पापुद्र्यावर चुंबकीय लेखन करून दाखवलं. १९९२ च्या ध्वनिमुद्रणाच्या मिनीडिस्कमध्ये मिश्रधातू वेगळा आला, आणि युक्ती अशी: लेझरनं ठिपका तापवायचा, चुंबकानं त्याला दिशा द्यायची आणि नंतर मंद लेझरच्या परतलेल्या प्रकाशातून ती वाचायची. आपल्याकडे मॅंगनीज म्हटलं की पोलादाच्या पलीकडे बोलणं जात नाही, याची मला जरा खंत आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या एका चुंबकीय मॅंगनीज खनिजाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०८ मध्ये व्रेडेनबर्गाइट हे नाव दिलं. पुढे ते दोन खनिजांचं विणकाम निघालं. झिलई दिलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दोन आडव्या-उभ्या चाळण्यांमध्ये फिरवा: चुंबकीय जेकोबसाइट काळाच राहतो, हॉसमॅनाइटच्या पट्ट्या उजळतात आणि विझतात. पाहणारा हमखास फसतो, त्याला वाटतं चुंबकाचीच करामत. पण तुकडा फिरवल्यानं उजेड बदलला, तर ते स्फटिकाच्या रचनेचं काम. तुकडा जागचा हलू न देता शेजारच्या विद्युतचुंबकाचा प्रवाह चालू-बंद करा. तेव्हा उजेड बदलला, तरच केर यांचं नाव घ्या.